तोबऱ्यातली हाडं

कंपू, लष्कर
ग्वाल्हेर
२० जानेवारी १९५७

प्रिय राजी,

काल संक्रांतीच्या तिळगुळाचे डबे परत करून घरी आले, तर आईने तुझं पत्र पाटावर ठेवून त्यावर वाटी उपडी घातलेली. वाऱ्याने उडेल म्हणून. भोपाळचा शिक्का पाहिला आणि मला वाटलं, आली बातमी! मुलगा की मुलगी, नाक कुणाचं, रंग कुणाचा, असं सगळं असेल. उभ्या उभ्याच वाचायला घेतलं आणि मग खाली बसले. अख्खं पत्र तुझ्या लेकीच्या डाव्या पायाबद्दल. तळवा आत वळलाय, टाच वर ओढली गेलीय, पाऊल दुसऱ्या पावलाकडे बघत असतं. बारावा दिवस उलटून गेला तरी बारसं नाही, कारण बायका पाळण्यात डोकावतील. तू तिचे पाय दुपट्यात घट्ट गुंडाळून ठेवतेस. सासूबाई म्हणतात, मेडिकलला असताना मेलेल्यांची हाडं कुरवाळलीस, त्याचंच हे. आणि इतक्या सगळ्या मजकुरात माझ्या भाचीचं नाव मात्र नाही.

तू दोन गोष्टी विचारल्यास. सासूबाई म्हणतात ते खरं का, आणि पाय सरळ होईल का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण त्याला घाई आहे. होईल. पण तिला घेऊन लगेच इथे आलीस तर. सव्वा महिना झाल्यावर नाही, थंडी सरल्यावर नाही आणि तुझ्या सासूबाई विजयाबाईंची मालिशवाली थकल्यावर तर नाहीच नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तरही देणार आहे, पण त्याला जरा वेळ लागेल. तुला माझी सवय ठाऊक आहे, दौलतगंजातून सराफ्यात जायचं तरी मी कंपूवरून जाणार.

तू गेलीस त्यानंतर लष्कर कसं रिकामं रिकामं झालंय! नोव्हेंबरात तुमचा ट्रक निघाला तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. खाली सचिवालयाच्या फायलींच्या पेट्या, वर तुमचं अंथरूण-पांघरूण, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आठवा महिना लागलेली तू, मांडीवर देवांचा डबा. तुझे मधुसूदनराव सारखे खाली उतरून दोर तपासत होते. तुमच्यामागून किती घरं गेली! शेजारच्या गल्लीत गणपतीची आरती म्हणायला आता माणसं शोधावी लागतील. बाबा रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचतात. आधी ग्वाल्हेर मध्यभारतात गेलं, आता मध्यभारतही नव्या प्रदेशात मिळाला. बाबा म्हणतात, जोडलं खरं, पण वळतंय का ते बघायला हवं. मी म्हणते, बाबा, तुम्ही माझ्या वर्गाला सांधे शिकवायला या. आणि बघ ना, पहिलं बाळंतपण माहेरी, ही एवढी साधी गोष्ट. तर तुझं माहेरच आधी इंदूरला उठून गेलं, आणि तू गेलीस अशा गावी जिथे तुला ओळखणारं कुणी नाही. मी इथे असूनही मला तुझ्याजवळ येता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं गं.

तुझं पत्र वाचून मी काय केलं असेल? माळ्यावरून तोबरा काढला. तोच, घोड्याच्या तोंडाला दाणा बांधायचा तो जाड कापडी पिशवा. वरच्या वर्गातल्या मुलाकडून आपण दोघींत मिळून हाडांचा अर्धा संच घेतला आणि रस्त्यात उभं राहून एकमेकींकडे बघत बसलो, आता हा ठेवायचा कुठे? तुझ्या घरी आत्याबाईंचं सोवळं. माझ्या घरी बाबांनी कपाळाला आठी घातली, पण रिसालदाराला हाडांचं भय म्हणावं तर शोभलं नसतं. मग पागेच्या कडेला त्यांची घोड्याच्या सामानाची खोली होती, ती त्यांनी आपल्याला दिली. मांडीचं आणि नडगीचं हाड खुंटीला, लगामांच्या शेजारी. बरगड्या टोपलीत. आणि हातापायाची लहान लहान हाडं जुन्या तोबऱ्यात. अजून त्याला हरभऱ्याचा वास येतो, राजी. सात वर्षं झाली.

त्या खोलीत बसून आपण काय काय शिकलो! तू त्या तोबऱ्यात हात घालायचीस, डोळे मिटायचीस, आणि मनगटातल्या आठांपैकी कुठलं हाड हाताला लागलंय ते नुसत्या चाचपण्यावरून सांगायचीस. डाव्या हाताचं की उजव्या, तेसुद्धा. मी पुस्तक घेऊन समोर बसायचे, तुझी चूक पकडायला. पकडता आली नाही कधी. आज मी मुलामुलींना शरीररचना शिकवते, पगार घेते, पण हाडाला बोट लावल्याबरोबर ते बोलायला लागावं, हे मला अजून जमत नाही. ते तुझ्या बोटांत होतं. तुझं लग्न ठरलं आणि तू शेवटचं एकदा त्या खोलीत आलीस, तेव्हा मी म्हटलं होतं, अर्धी हाडं घेऊन जा. तू हसलीस आणि म्हणालीस, रुखवतावर मांडू का?

आणि अंगठ्याच्या मुळाशी असतो तो सांधा आठवतो? पुस्तकात लिहिलेलं, खोगिराच्या आकाराचा. तुला काही केल्या कळेना, कारण तू उभ्या जन्मात खोगीर जवळून पाहिलं नव्हतंस. बाबा दाराशी ऐकत होते. त्यांनी भिंतीवरचं आपलं खोगीर उतरवलं, तुझ्यापुढे ठेवलं आणि त्यावर आपली मूठ बसवून दाखवली. माणूस पुढेमागे झुकतो, डावीउजवीकडे झुकतो, पण जागच्या जागी गरगर फिरत नाही. म्हणून तर अंगठा प्रत्येक बोटाला भेटून येतो. तू तिथल्या तिथे पाची बोटं जुळवून पाहिलीस आणि बाबांना वाकून नमस्कार केलास. त्या दिवशी जेवताना बाबा आईला दोनदा म्हणाले की ती दफ्तरदारांची मुलगी फार हुशार आहे.

त्याच वर्षी पागा मोडली. संस्थानाचं घोडदळ संपलं, घोडे न्यायला माणसं आली. आपण दोघी खिडकीत उभ्या होतो, परीक्षा तोंडावर, पण वाचणार कोण? बाबा एकेका घोड्याजवळ जात होते, आणि शेवटी कडेला बांधलेल्या म्हाताऱ्या मैनेपाशी थांबले. मैना म्हणजे तीच, जिच्यावरून मी चार वर्षांची असताना पडले आणि पाय असा झाला. तुला ती गोष्ट बाबांनी किती वेळा ऐकवली असेल! मी कशी दाण्याच्या पेटीवर चढले, तिथून तिच्या पाठीवर कशी बसले, मग ती कशी उधळली. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या चालीकडे बघायचा, बाबा ती गोष्ट सांगायचे आणि पाहुणा मान डोलावायचा. शिलेदाराच्या घरातली मुलगी, घोड्यावरून पडली, यात काही कमीपणा नाही. तर त्या दिवशी त्यांनी मैनेच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाले, "माफ कर गं बाई." तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुला वाटलं, तिला परक्या हाती देतायत म्हणून म्हणाले.

तू माझ्याबरोबर चालायचीस ते मला सगळ्यांत जास्त आठवतं. कॉलेज सुटलं की बाकीच्या मुली पुढे निघून जायच्या. तू कधीही पुढे गेली नाहीस आणि माझ्यासाठी हळू चालतेयस असं कधी जाणवूही दिलं नाहीस. मध्येच एखाद्या दुकानापाशी थांबायचीस, चपलेचा अंगठा सारखा करायचीस, पेरू हातात घेऊन उगाच भाव करायचीस. मला कळत होतं. एकदाच, घोट्याचं हाड हातात फिरवत असताना तू मला विचारलंस, शामले, पडलीस तेव्हा नेमकं कुठे मोडलं होतं गं? मी काहीतरी सांगून चहा आणायला उठले. तू पुन्हा विचारलं नाहीस.

आता त्या सुपारीच्या भानगडीकडे येते, कारण सगळं तिथूनच सुरू झालंय असं सासूबाईंना वाटतं. तोंडी परीक्षा जवळ आली होती, म्हणून तू मनगटातलं सगळ्यांत मोठं हाड शालीच्या आड मुठीत धरून चाचपत चाचपत घरी गेलीस. घरी संक्रांतीचं हळदीकुंकू. कुणीतरी गुलाबदाणी धर म्हणून हाक मारली आणि तू हातातलं ठेवलंस ते नेमकं सुपारीच्या तबकात. आपल्याआधी किती जणांनी हाताळून हाताळून ते हाड तपकिरी, गुळगुळीत झालेलं. आत्याबाईंनी बरोबर तेच उचललं, अडकित्त्यात धरलं आणि जोर लावून लावून शेवटी ओरडल्या, "ही कुठली गं सुपारी, फुटूनच नाही राहिली!" तुझा चेहरा पाहून त्यांना कळलं. मग काय विचारता! तबक विहिरीत, अडकित्ता बोहारणीला, घरभर गोमूत्र, आणि तू भर जानेवारीत डोक्यावरून गार पाणी घेतेयस. तुझे अप्पा तेवढे माजघरात तोंडाला उपरणं लावून हसत होते. दुसऱ्या दिवशी तू ते हाड परत आणून दिलंस, त्यावर अडकित्त्याची बारीक खूण होती. अजून आहे. काल मी ती अंगठ्याने चाचपली आणि मला हसू आलं, आणि मग रडू आलं.

ही गोष्ट नव्या नवलाईत तूच सासूबाईंना सांगितलीस. तेव्हा त्याही पोट धरून हसल्या, असं तू मला लिहिलं होतंस. आज तीच गोष्ट तुझ्या अंगावर घालतायत. मी त्यांना फार दोष देत नाही. वाकडं पाऊल बघून माणूस घाबरतो आणि घाबरलं की कारण शोधतो. मला चीड येते ती तू त्यावर विश्वास ठेवतेस याची. तू! डोळे मिटून हाड ओळखणारी!

तेव्हा जरा माझी विद्यार्थिनी हो. स्वतःचा कान धर आणि वरची कड वाकवून सोडून दे. वाकते आणि परत येते, हो ना? ती कुर्चा. तान्ह्या बाळाच्या पावलातली बहुतेक हाडं अजून हाडं झालेलीच नसतात, अशा कुर्चेचीच असतात. दोन-तीन ठिकाणी काय तो कठीणपणा आलेला असतो, बाकी सगळं कोवळं. म्हणजे तिच्या पायात काही मोडलेलं नाही आणि काही कमीही नाही. हाडं थोडी फिरून बसलीत, आणि त्यांना बांधून ठेवणारे बंध आतल्या बाजूने आखडलेत, टाचेमागची शीर आखूड पडलीय. हे बंध म्हणजे नव्या चामड्याची वादी समज. बाबा रिकिबीची नवी वादी कशी वळवायचे पाहिलंयस तू. रोज थोडी ताणायची, तशीच धरून ठेवायची, दुसऱ्या दिवशी आणखी थोडी. हिसका दिला की चामडं फाटतं. मालिशवाली बाळ किंचाळेपर्यंत पाय पिरगाळते असं लिहिलंयस, तिला आजच्या आज बंद कर. हवं तर माझं नाव सांग, म्हणावं आमच्या ग्वाल्हेरच्या डॉक्टरीणबाई फार खाष्ट आहेत.

मी आज सकाळीच आमच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर दौलतसिंहांना भेटले. हाडांचं काम तेच बघतात, आणि लहान मुलांशी बोलताना त्यांचा आवाज अगदी मऊ होतो. ते म्हणाले, "बच्ची को ले आओ। जितनी छोटी, उतना अच्छा।" पाऊल हाताने हलकेच सरळ करत आणायचं आणि बोटांपासून गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टर घालायचं. आठवड्याने ते काढायचं, आणखी थोडं सरळ करायचं, पुन्हा घालायचं. काही महिने लागतील. नंतर विशेष बूट. कधी कधी टाचेमागच्या शिरेला छोटासा छेद द्यावा लागतो, आणि मध्येच सोडून दिलं तर पाऊल परत वळतं. हे सगळं मी तुला लपवून ठेवत नाही, कारण तुला कळतं. पण पुढे ती धावेल, राजी. बाकीच्या मुलींच्या पुढे धावेल.

आता तुझा पहिला प्रश्न. काल रात्रीचं जेवण झाल्यावर मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. आई वाती वळत होती. दुपट्याचं वाक्य आलं आणि तिचे हात थांबले. मग म्हणाली, "लिहून दे तिला सगळं. आता काय छुपवायचं, अन् कुणापासून?" मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि मान हलवली. म्हणून हे पत्र. एरवी मी नुसती तार केली असती, ताबडतोब ये म्हणून. राजी, मी घोड्यावरून कधीच पडले नाही. बिचाऱ्या मैनेने जन्मात कुणाला पाडलं नाही, बाबांनी त्या मुक्या जनावरावर आळ घेतला तो माझ्यासाठी, आणि त्याचीच माफी त्यांनी त्या दिवशी मागितली. माझा पाय जन्मतःच तुझ्या लेकीच्या पायासारखा होता, तोही डावाच. आणि माझ्या आईने रविवारच्या मटणातली नळी सोडली तर कधी कुठल्या हाडाला हात लावला नव्हता. हे विजयाबाईंना खुशाल वाचून दाखव. बाबा तेव्हा छावणीत होते. सासरी काय म्हणतील, आपल्याला माहेरी धाडतील, या धास्तीने आईने माझा पाय दुपट्यात गुंडाळून ठेवला. आज दाखवू, उद्या दाखवू करत ठेवला. चौथ्या वर्षी डॉक्टरकडे नेलं तेव्हा ते म्हणाले, हाडं पक्की झाली, आता नुसत्या प्लास्टरने भागायचं नाही, कापावं लागेल, आणि त्या नुसत्या शब्दाला भिऊन सगळे मला उचलून घरी घेऊन आले. मला आईचा राग येत नाही गं. त्या दुपट्याचा येतो. ते तेवढं सोड. पाय उन्हात उघडा ठेव, डोकावणाऱ्या बायकांना खुशाल डोकावू दे, आणि पंजाब मेलचं तिकीट काढ. बारसं इथे, आमच्या घरी करू. आईने पाळण्याची दोरी काढून धुऊन वाळत घातलीय. मी स्टेशनवर येईन, पण गाडीच्या दाराशी दिसले नाही तर घाबरू नकोस, तिला घेऊन तिथेच थांब. पूल चढून उतरायला मला वेळ लागतो, आणि का लागतो ते आता तुला माहीत आहे.

तुझीच, वाट बघणारी
शामला